पाच वेळा खरं, सहाव्यांदा?

प्रॅक्टिकलला पाच रीडिंग्ज एका रेषेत आली की आपण खूश! पट्टी ठेवायची, रेघ मारायची, 'हेन्स प्रूव्ह्ड' लिहायचं आणि जर्नल सबमिट. पण पाच उदाहरणं जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला का? याचं झकास उत्तर एका संख्येकडे आहे : ४,२९,४९,६७,२९७.

फ्रान्सचा पियरे द फर्मा पेशाने वकील, पण गणिताचं वेड जबरदस्त. २चा १ला, २रा, ४था, ८वा आणि १६वा घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या, म्हणजे आपले प्राइम नंबर! १६४० साली फर्माने अंदाज केला की घातांक असाच दुप्पट करत गेलं तर पुढेही मूळ संख्याच मिळतील. सहावी पायरी म्हणजे २चा ३२वा घात अधिक १, तीच आपली वरची संख्या.

१७३२ साली, पंचविशीतल्या ऑयलरने दाखवून दिलं की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे. अंदाज कोसळला!

कॅल्क्युलेटर नसताना ६४१ सापडणार कसा? या संख्येचं वर्गमूळ साधारण ६५,५३६. तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. सगळ्यांनी भागत बसणार? नाही, इथे डोकं चालवायचं.

समजा 'प' ही मूळ संख्या आपल्या संख्येला पूर्ण भागते. मग २च्या ३२व्या घाताला 'प'ने भागून बाकी −१ येते. वर्ग केला की ६४व्या घाताची बाकी १. म्हणजे बाक्या दर ६४ घातांनी परत फिरून येतात. आणि खुद्द फर्माचंच प्रमेय सांगतं की २च्या (प−१)व्या घाताचीही बाकी १ असते. म्हणून प−१ला ६४ने भाग जायलाच हवा. ६४च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या बघा : १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते! गंमत म्हणजे हत्यार फर्माकडेच होतं.

पडताळा तर भागाकार न करताही होतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ची बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घ्या : ६२५ गुणिले २चा २८वा घात, बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६, म्हणून ६२५च्या जागी −१६ चालतो. १६ म्हणजे २चा ४था घात. म्हणजे २च्या ३२व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवा, बाकी शून्य!

सी लॅबमध्ये ट्राय करणार असाल तर 'लाँग लाँग' वापरा. ३२ बिटच्या 'अनसाइन्ड इन्ट'मध्ये ही संख्या ओव्हरफ्लो होऊन नुसती १ उरते.

त्यापुढे काय झालं? सहाव्या पायरीपासून सलग २८ संख्या तपासून झाल्या, एकही मूळ निघाली नाही. मग पुढे कधीच मूळ संख्या येणार नाही असं म्हणायचं का? थांबा! पाच उदाहरणांनी फर्मा फसला. २८ उदाहरणं झाली तरी तो अंदाजच. सिद्धता अजून कुणालाच जमलेली नाही.