पास्काजागरणाचा विस्तव कसा रचावा?



पुण्य शनिवारी रात्री चर्चबाहेर आपण नवा अग्नी पेटवतो. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली हा विधी रात्री करण्यास परवानगी दिली. त्यापूर्वी तो सकाळीच होत असे आणि भर उजेडात अग्नीचा अर्थ हरवून जाई.

आज अडचण निराळी आहे. लाकडे कशीही टाकायची आणि वर पेट्रोल ओतायचे, असे काही ठिकाणी घडते. पेट्रोलची वाफ दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताच भडकते. त्या वेळी जवळच उभे असतात ते लांब झगे घातलेले आपले वेदीसेवक!

संत थॉमस अक्वायनस यांनी लाकडाचे उदाहरण दिले आहे. लाकडात तापण्याची क्षमता असते, परंतु जे आधीच तप्त आहे त्याच्याविना ती प्रत्यक्षात येत नाही. चांगला विस्तव याच क्रमाने पेटतो. एक काडी ओंडक्याला पेटवू शकत नाही. ती नारळाच्या सोडणाला पेटवते, सोडण काटक्यांना, काटक्या फाट्यांना आणि फाटी ओंडक्यांना.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

१. जागा मोकळी असावी. वर झावळ्या, तारा किंवा मंडप नसावा. वाऱ्याची दिशा पाहून लोकांना उभे करावे.

२. लाकूड सुकेच हवे. ओल्या लाकडाची उष्णता आधी पाणी आटवण्यात खर्च होते व नुसता धूर होतो. रंगवलेले लाकूड व प्लास्टिक टाकू नये.

३. मध्ये सोडण व काटक्या ठेवून भोवती फाटी दोन-दोन आडवी-उभी रचावीत. फटी राहू द्याव्यात, कारण हवेशिवाय अग्नी गुदमरतो.

४. विधीच्या अर्धा तास आधी पेटवल्यास धूपदानीसाठी निखारेही तयार होतात.

५. पाण्याच्या दोन बादल्या जवळ असाव्यात. शेवटी पाणी ओतून राख ढवळावी. ती पूर्ण थंड झाल्याशिवाय जागा सोडू नये.

तरुणांनी लाकडे आठवडाभर आधी उन्हात वाळवावीत आणि वेदीसेवकांना रचना करून दाखवावी. श्रद्धाही अशीच पेटते: एका पेटलेल्याकडून दुसऱ्याकडे, धीराने.

आपले धर्मगुरू