सर्पदंश, मूत्रपिंडाची इजा आणि प्राणी-प्रयोग

मूत्रपिंडाचे कार्य काही तासांत वा दिवसांत अचानक मंदावणे म्हणजे ‘मूत्रपिंडाची तीव्र इजा’. रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण ४८ तासांत प्रति डेसिलिटर ०.३ मिलिग्रॅम वा अधिक वाढणे, हा २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांपैकी एक होय. भारतात घोणस सापाचा दंश हे या इजेचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रनलिकांच्या पेशी मृत होतात.

प्राणी-प्रतिमाने कशासाठी?

इजा कोणत्या क्षणी सुरू झाली, हे रुग्णामध्ये क्वचितच कळते. प्रयोगशाळेत तो क्षण निश्चित असतो. उंदराच्या मूत्रपिंडाची रक्तवाहिनी काही मिनिटे बंद ठेवल्यास रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणारी इजा अभ्यासता येते. सिस्प्लाटिन या कर्करोगावरील औषधाने औषधजन्य इजा, तर स्नायूत ग्लिसरॉल टोचून स्नायूनाशामुळे होणारी इजा घडवता येते.

बंगळुरूमधील संशोधन

बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनागर यांच्या प्रयोगशाळेत भारतीय सापांच्या विषांचा अभ्यास होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांसाठी तयार होणारे प्रतिविष अन्य काही सापांच्या विषावर अपुरे पडते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगशाळेच्या अभ्यासात उंदरांवरील चाचण्यांतून दिसून आले.

मर्यादा

प्रतिविषाच्या प्रमाणित चाचणीत विष व प्रतिविष आधीच मिसळून उंदरास टोचतात आणि किती उंदीर जगले, हे मोजतात. प्रत्यक्षात रुग्ण दंशानंतर कित्येक तासांनी रुग्णालयात पोहोचतो. शिवाय, जीव वाचला म्हणजे मूत्रपिंड वाचले, असे नव्हे. म्हणून मूत्रपिंडाची स्वतंत्र तपासणी करणारी प्रतिमाने आणि रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा, दोन्ही आवश्यक ठरतात.

कायदा व नीती

असे प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि १९९८ च्या नियमांखाली होतात. संस्थेची नोंदणी व प्राणी-नीती समितीची मान्यता बंधनकारक आहे. प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे व वेदना कमी करणे ही तीन तत्त्वे रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. २०२३ च्या नियमदुरुस्तीने औषधचाचणीत प्राणीविरहित पद्धतींनाही स्थान दिले.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे. वाचलेल्यांच्या मूत्रपिंडांची नोंद ठेवली गेली, तरच त्या यशाचे खरे मोजमाप होईल.