कृमिसरड्यांची कुले

मांडुळाचे शेपूट तोंडासारखेच बोथट, म्हणून आपल्याकडे त्याला दुतोंड्या म्हणतात. ‘दोन्ही दिशांनी जाणारा’ अशाच अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लिनीअसने १७५८ साली दक्षिण अमेरिकेतील काही प्राण्यांना ‘अँफिस्बीना’ हे नाव दिले व त्यांची गणना सापांत केली. मांडूळ साप आहेच. अँफिस्बीना मात्र साप नव्हे. या गटाला आपण कृमिसरडे म्हणू.

त्यांच्या सुमारे २०० जाती आहेत. भारतात एकही नाही. अंगावर गांडुळासारखी वलये असतात व डोळे कातडीखाली झाकलेले असतात. सापांत डावे फुप्फुस खुरटते, यांच्यात उजवे. वरच्या जबड्यात पुढे मधोमध एकच मोठा दात असतो.

आज सहा कुले मानतात. अँफिस्बीनिडी हे सर्वांत मोठे. ते दक्षिण अमेरिका, वेस्ट इंडीज व आफ्रिकेत पसरलेले आहे. उत्तर आफ्रिका व अरबस्तानातील ट्रोगोनोफिडी डोके गिरमिटासारखे फिरवून माती पोखरतात. त्यांचे दात जबड्याच्या कडेवरच जुळलेले असतात. भूमध्य समुद्राभोवती ब्लॅनिडी, क्यूबात केडिइडी, फ्लोरिडात ऱ्हिन्युरिडी (हयात जाती एकच) आणि मेक्सिकोत बायपेडिडी.

खरी मौज बायपेडिडींची. यांच्या तिन्ही जातींना पुढचे दोन पाय आहेत, चांगले नखांसह! तेव्हा हीच मूळची शाखा, असे कोणालाही वाटावे. पण डीएनएच्या तुलनेत सर्वांआधी फुटलेली शाखा निघाली ती फ्लोरिडातील, बिनपायाची. म्हणजे पाय एकदाच गेले नाहीत. निरनिराळ्या शाखांत ते वेगवेगळे गेले. कवटीचेही तसेच. फावड्यासारखे डोके फ्लोरिडात आहे, ब्राझीलमध्ये आहे, आफ्रिकेतही आहे. पण ते नात्यामुळे आलेले नाही, माती खणण्याच्या गरजेने आले आहे. केवळ आकारावरून कुल ठरवणाऱ्याची येथे फसगत होते. क्यूबातील केडिया पूर्वी अँफिस्बीनिडीत घालत. २००८ मध्ये डीएनएवरून दिसले की, त्याचा जवळचा आप्त अटलांटिकपलीकडचा ब्लॅनस आहे. म्हणून त्याचे वेगळे कुल करावे लागले.

या सर्वांचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे लॅसर्टिडी कुलातील सरडे. त्यांपैकी ऑफिसॉप्स आपल्याकडच्या गवताळ माळांवर सापडतो: छोटा, चपळ, पापणी न मिटणारा आणि चारही पाय शाबूत असलेला.