मुद्दाम जावं की जाता जाता?



माझं शिक्षण पहिलीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि होस्टेलवर आल्यापासून दोन्हींची मिसळ! मराठीत लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. विषय मात्र खाण्याचा आहे, त्यामुळे होस्टेलवाले शेवटपर्यंत वाचतील याची खात्री आहे.

प्रश्न साधा आहे. एखाद्या ठिकाणाचं खूप नाव झालेलं असतं. जो तो म्हणतो, "तिथं गेलात आणि ते खाल्लं नाही? मग काय केलंत?" अशा ठिकाणी आपण पैसे आणि दिवस खर्च करून जावं का? नाव खरं की नुसता गाजावाजा, हे जायच्या आधी कसं ओळखावं? या लेखासाठी मी उदाहरण घेतलंय ते सातारा जिल्ह्यातल्या गुरेघरच्या मॅप्रो गार्डनचं. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना वाटेत लागतं ते. थीम पार्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या येतात. इथे थीम एकच, ती म्हणजे फळ! बाग, चॉकलेटचा कारखाना, सरबतं आणि क्रश चाखून बघायचे काउंटर, आणि मधोमध रेस्टॉरंट. 'स्ट्रॉबेरी विथ क्रीम'साठी ते प्रसिद्ध आहे.

हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही. त्यामागे एक चूक आहे आणि ती माझी आहे.

चूक कशी झाली

मागच्या वर्षी आमच्या लेडीज होस्टेलची एक दिवसाची ट्रिप ठरत होती. माझी रूममेट जत तालुक्यातली आहे. घरी थोडी कोरडवाहू जमीन, पाऊस आला तर पीक. ट्रिपच्या वर्गणीचे नऊशे रुपये तिच्यासाठी लहान रक्कम नव्हती. तिने मला विचारलं, "तू गेलीयस ना तिथं? एवढं लोक नाव काढत्यात, तर खरंच तसं हाय का? खरं सांग बघ."

मी म्हणाले, "अगं, मस्तच आहे. डोळे झाकून चल."

मी गेले होते ते सहावीत असताना, आई-बाबांबरोबर, जानेवारीत. आमची ट्रिप ठरली ऑगस्टमध्ये आणि तीही जोडून सुट्टी आलेली बघून. पसरणीच्या घाटात धुकं, वर धो धो पाऊस आणि आमच्यासारखेच सुट्टी बघून आलेले शेकडो लोक. खायला भरपूर काही होतं. पण माझ्या रूममेटला हवी होती ती शेतातून आत्ता तोडलेली स्ट्रॉबेरी. धाकट्या भावासाठी एक बॉक्स न्यायला तिने वेगळे दोनशे रुपये ठेवले होते. त्याने स्ट्रॉबेरी फक्त वहीच्या कव्हरवर बघितलेली. ऑगस्टमध्ये ती मिळणार कुठून? शेतंच रिकामी होती!

परतीच्या वाटेवर ती भांडली नाही. कराड गेल्यावर एवढंच म्हणाली, "तुझ्या लहानपणची चव आम्हाला कशी मिळंल गं?"

ते वाक्य मला लागलं. ठिकाणाची काही चूक नव्हती. ट्रिप कमिटीचीही नव्हती. मी जानेवारीतला अनुभव ऑगस्टच्या नावावर खपवला होता. एखादं रीडिंग कुठल्या तापमानाला घेतलं ते न लिहिता जर्नलमध्ये टाकलं, तर सर काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहेच.

यंदा ट्रिपची जबाबदारी माझ्याकडे आली. या वेळी नीट अभ्यास करूनच बोलायचं, असं मी ठरवलं.

पहिला मुद्दा : नाव नक्की कशाचं आहे?

मॅप्रोची सुरुवात पाचगणीत १९५९ साली किशोर व्होरा यांनी केली. डोंगरावरची फळं नाशवंत, त्यांची जॅम-सरबतं केली तर ती टिकतात, हा त्यामागचा सरळ विचार. म्हणजे आधी फळ, मग कारखाना, मग बाग आणि रेस्टॉरंट. नावाचं मूळ फळात आहे.

आणि त्या फळाचं नाव काही जाहिरातीवर उभं नाही. देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या भागातून येते. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. इंग्रजांच्या काळात हे पीक तिथे आलं, ते थंड हवेमुळे रुजलं आणि आता गावंच्या गावं त्यावर चालतात. २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जाणारं भिलारही मुळात स्ट्रॉबेरीचंच गाव.

आता यातली खरी गंमत. केळी, आंबा, चिकू ही फळं तोडल्यावरही पिकतात. म्हणून आपण आंब्याची अढी घालतो. स्ट्रॉबेरी तशी नाही. देठापासून तुटली की तिचं पिकणं थांबतं. ठेवून दिली तर रंग थोडा गडद होईल, पण गोडी वाढणार नाही. लांबच्या बाजारात पाठवायची तर ती पूर्ण पिकायच्या आधीच तोडावी लागते, नाहीतर वाटेतच तिचा लगदा होतो. शेताजवळ खायची असेल तर मात्र पूर्ण पिकेपर्यंत वेलीवर ठेवता येते. म्हणून शेतापासून हाकेच्या अंतरावर बसून खाल्लेली स्ट्रॉबेरी आणि सांगलीत गाड्यावरून घेतलेली स्ट्रॉबेरी यांत फरक पडतो. हा मनाचा खेळ नाही, वनस्पतिशास्त्र आहे.

दुसरा मुद्दा : नाव कुठल्या महिन्याचं आहे?

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा पावसात नाजूक फळ टिकत नाही. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड होते. नोव्हेंबरच्या शेवटापासून फळ सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. मे महिन्यात हंगाम संपतो.

मग फ्रीज करून ठेवलेली चालणार नाही का? चालते, पण काय होतं ते बघा. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. वितळल्यावर फळ मऊ पडतं, रस सुटतो. मिल्कशेक किंवा जॅमला त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे आपण फळ चिरडतोच. पण क्रीममध्ये अख्खं फळ चावून खायचं असेल तर तो कडकपणा परत आणता येत नाही. मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रक्चर एकदा फेल झालं की झालं!

तात्पर्य : 'स्ट्रॉबेरी विथ क्रीम'चं नाव हे डिसेंबर ते मार्चचं नाव आहे. ते बाराही महिने लागू केलं, तर चूक लागू करणाऱ्याची.

तिसरा मुद्दा : नाव किती गर्दीचं आहे?

कुठल्याही प्रसिद्ध ठिकाणी अर्धा मूड रांगेत जातो. रांगेचंसुद्धा शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली त्यावर पहिला पेपर लिहिला. ऑपरेशन्स रिसर्चच्या तासाला ते आपण शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो.

आपल्या मेसचंच उदाहरण घेऊ. समजा, काउंटरवरून सरासरी मिनिटाला एक, म्हणजे तासाला ६० ताटं निघतात. मुली आपापल्या वेळेला, कशाही येतात. तासाला ५० जणी आल्या, तर रांगेत उभं राहून ताट हातात पडेपर्यंत सरासरी ६ मिनिटं लागतात. ५५ आल्या तर १२ मिनिटं. ५८ आल्या तर ३० मिनिटं! सूत्र सोपं आहे : एक भागिले (ताटं वजा मुली), उत्तर तासात. म्हणजे ५० च्या जागी फक्त ८ जणी वाढल्या आणि वेळ पाचपट झाला. काउंटरवरच्या मावशींचा हात तेवढाच चालतोय, भाजी तीच आहे, तरी आपण म्हणतो, "आज मेस बंडल होती."

हेच कुठल्याही नावाजलेल्या हॉटेलला लागू पडतं. जोडून आलेल्या सुट्टीत गेलात तर तुम्ही त्या ५८ मधल्या एक असता. मंगळवारी गेलात तर ५० मधल्या. दोन्ही दिवशी स्वयंपाकघर तेच असतं. म्हणून रविवारी जाऊन आलेल्याची तक्रार आणि मंगळवारी जाऊन आलेल्याचं कौतुक, दोन्ही खरं असू शकतं.

चौथा मुद्दा : नाव सांगतोय कोण?

जे लोक मनापासून खूश होतात ते सांगत सुटतात. जे रागावतात तेही सांगतात. ज्यांना 'ठीक होतं' वाटतं ते गप्प बसतात. त्यामुळे आपल्या कानावर दोन टोकंच येतात. माझंच बघा, अकरा वर्षांची असताना आई-बाबांबरोबर घालवलेला एक चांगला दिवस मी स्ट्रॉबेरीच्या नावावर जमा केला होता. त्यात थंडी होती, टेबल लँडवरचं वारं होतं, बाबांची रजा होती. क्रीम त्यातला एक भाग. कोणी 'मस्त आहे' म्हटलं, तर त्याला आधी दोन प्रश्न विचारावेत : कधी गेला होतास, आणि कोणाबरोबर?

मग निर्णय कसा घ्यायचा?

मला याचं उत्तर एका टायरच्या कंपनीत सापडलं. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक गाइड काढलं. लोकांनी जास्त फिरावं आणि टायर जास्त झिजावेत, एवढाच हेतू! १९२६ पासून त्यात हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात झाली. पुढे १९३६ मध्ये ताऱ्यांचा अर्थ छापला. एक तारा म्हणजे आपल्या वर्गातलं उत्तम हॉटेल. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावं असं. मला हे फार आवडलं, कारण ते चवीला अंतराशी जोडतात. 'चांगलं आहे का?' हा प्रश्न अर्धा आहे. 'सांगलीहून दीडशेच्या वर किलोमीटर जाण्याइतकं चांगलं आहे का?' हा पूर्ण प्रश्न.

यंदा आम्ही फेब्रुवारीतला मंगळवार धरला. रेक्टर मॅडमनी "अभ्यासाचा दिवस का बुडवता?" म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना वरचं मेसचं गणित करून दाखवलं. त्या हसल्या आणि सही केली. पहाटे पाचला विश्रामबागेतून निघालो. पेठ नाका, कराड, सातारा, वाई. आपल्या घाटावरून वाहणारी कृष्णा जिथून येते तिकडेच आम्ही वर वर चाललो होतो. साडेअकराच्या आत गुरेघरला पोचलो.

माझा निकाल असा :

१) डिसेंबर ते मार्च, आठवड्याच्या मधल्या दिवशी, ताज्या स्ट्रॉबेरीसाठी : मुद्दाम जावं. नाव खरं आहे.

२) तिथल्या पिझ्झा-सँडविचसाठी : चांगले आहेत, पोट भरतं. पण त्यांच्यासाठी सांगलीहून निघायचं कारण नाही. पाचगणीला गेलाच असाल तर वाट वाकडी करा.

३) पावसाळ्यात : धुकं, धबधबे आणि घाट बघायला जरूर जा. बागेत जाता जाता थांबा. ताज्या फळाची आशा मात्र सांगलीतच ठेवून निघा.

रूममेटने पहिला चमचा खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते, व्हायव्हात सरांकडे बघतो तशी. ती म्हणाली, "हां. आता कळलं तू काय म्हणत होतीस ते." माझ्या डोक्यावरचं सहा महिन्यांचं ओझं उतरलं.

परतताना तिने रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याकडून दोनशे रुपयांचे बॉक्स घेतले. बुधवारी लेक्चर्स, गुरुवारी प्रॅक्टिकल. शुक्रवारी संध्याकाळच्या एस.टी.ने ती जतला गेली. सोमवारी परत आल्यावर मी विचारलं, "भाऊ काय म्हणाला?"

"निम्म्या दबून गेल्या. राहिलेल्या खाल्ल्या त्यानं. म्हणाला, आंबट हाय, आपली बोरं बरी."

आम्ही दोघी खूप हसलो. मग माझ्या लक्षात आलं की त्याचंही बरोबरच आहे. त्याने खाल्ली ती चार दिवसांची स्ट्रॉबेरी होती. नाव जतपर्यंत पोचलं होतं, फळ पोचलं नव्हतं. पुढच्या फेब्रुवारीत त्यालाच वर घेऊन जायचं, असं आम्ही ठरवलंय. त्याची वर्गणी आम्ही दोघी निम्मी निम्मी भरणार आहोत. आणि या वेळी मी त्याला आधीच 'मस्तच आहे' असं सांगणार नाही. खाऊन झाल्यावर त्यालाच विचारीन.