राक्षसांची नावं आणि पिशाचांची भाषा

राक्षस म्हटलं की मुलं कान टवकारतात. चौथीच्या भाषेच्या तासाला ही आवड फार उपयोगी पडते, कारण राक्षसांची नावं म्हणजे फोडून बघायला तयार असलेले शब्दच.

शूर्पणखा घ्या. शूर्प म्हणजे धान्य पाखडायचं सूप. सुपासारखी नखं जिची, ती. कुंभकर्णाचे कान घड्यासारखे, त्रिशिराला तीन डोकी. घटोत्कच जरा अवघड आहे. घट म्हणजे घडा आणि उत्कच म्हणजे केस नसलेला. घड्यासारखं तुळतुळीत डोकं! इथे मुलं हमखास विचारतात, "आईने असं नाव ठेवलं?" तिथेच थांबून नाव कोण ठेवतं ते बोलावं. रावणाचं आधीचं नाव दशग्रीव. कैलासाखाली हात चेपले तेव्हा तो जी आरोळी ठोकतो, तिच्यावरून शंकर त्याला रावण म्हणतो. मेघनाद जन्मतः मेघासारखा गरजला म्हणून मेघनाद, पुढे इंद्राला जिंकल्यावर इंद्रजित. एक नाव जन्माचं, दुसरं कमावलेलं.

आपल्याकडच्या भुतांची रीत निराळी. त्यांना एकेकट्याचं नाव नसतं, प्रकाराचं असतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा म्हणजे मुंजा. वाट चुकवतो तो चकवा. जखीण ही मूळची यक्षिणी, पाण्यातल्या आसरा मूळच्या अप्सरा, आणि खवीस हा शब्द अरबीतून आला. (भुतं नसतात हे आधी स्पष्ट सांगा. आपल्याला शब्दांशी काम आहे, घाबरवायचं नाही.)

आता भाषा. पिशाचांची म्हणून एक भाषा खरंच सांगितली जाते, पैशाची. दंडी तिला भूतभाषा म्हणतो. तिची गोष्ट आपल्या पैठणची, म्हणजे प्रतिष्ठानची आहे. सातवाहन राजा जलक्रीडेत राणीवर पाणी उडवत होता. राणी संस्कृतात म्हणाली, पाण्याने मारू नका. 'मा' आणि 'उदक' यांचा संधी राजाला कळला नाही, त्याने मोदक मागवले! सगळे हसले. मग त्याला संस्कृत किती दिवसांत शिकवायचं यावर पैज लागली. गुणाढ्य ती हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. पुढे विंध्याच्या रानात तो पैशाची शिकला आणि तिच्यात त्याने बृहत्कथा लिहिली. राजाने ती भाषा ऐकूनच पोथी परत पाठवली. मूळ ग्रंथ आज नाही. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात लिहिलेल्या कथासरित्सागरामुळे त्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या.

आणि या 'भुतांच्या' भाषेला व्याकरण आहे! वररुची आणि हेमचंद्र या दोघांनी तिचे नियम लिहून ठेवले. दामोदरचा तामोतर होतो, मेघचा मेख, गुणचा गुन.

हा शेवटचा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या बुवापाड्यात कितीतरी मुलं 'पानी' म्हणतात. आगरी घरातली म्हणतात, हिंदी बोलणारी म्हणतात. आगरी पोरं 'काळा'ला 'काला'ही म्हणतात. बाकीची हसतात. 'भुतासारखा काय बोलतोस' हे मी वर्गातच ऐकलंय, आणि त्यानंतर ते मूल आठवडाभर वाचायला उभं राहत नाही. ओरडून हे थांबत नाही. गुणाढ्याची गोष्ट सांगून एकच प्रश्न विचारायचा: स्वतःच्या भाषेला 'पिशाचांची' असं नाव कोणी ठेवेल का? मग ते कोणी ठेवलं असेल? मुलं बरोबर एकमेकांकडे बघतात.

यानंतरचा गृहपाठ: आपल्या मनाचा राक्षस काढा, त्याला एक जन्माचं आणि एक कमावलेलं नाव द्या, आणि तो बोलतो त्या भाषेचे दोन नियम लिहा. पालकांनो, नियम घरच्या बोलीतला निघाला तर खोडू नका. 'ण'चा 'न' होतो असं लिहिलेल्या वहीवर मी बरोबरची खूण करते. प्रमाण भाषेतलं 'पाणी' शुद्धलेखनाच्या तासाला वेगळं घेते.