उत्तम भाग कोणता, टाकाऊ कोणता?
'स्टार ट्रेक'च्या एका जुन्या वादाचे मोजमाप

फलंदाजांची तुलना करताना निदान धावांची सरासरी हाताशी असते. गोष्टींची तुलना करताना असा कोणताच आकडा नसतो, आणि म्हणूनच तो वाद मिटत नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानमालिकेचे चाहते तिचा सर्वांत चांगला भाग कोणता आणि सर्वांत वाईट कोणता, यावर पन्नासहून अधिक वर्षे हुज्जत घालीत आले आहेत. वरवर पाहता ही निव्वळ करमणूक वाटेल. पण विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी शिकवला जाणारा धडाच या वादात दडलेला आहे : काय मोजायचे ते आधी ठरवा, मग मोजा.

ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाली. तिचा जनक जीन रॉडनबरी. ३ जून १९६९ पर्यंत तिचे ७९ भाग दाखवले गेले. १९८० च्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती आली होती. 'एंटरप्राइझ' नावाचे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, तापट पण मायाळू डॉक्टर मॅकॉय आणि भावनांना दूर ठेवून केवळ तर्काने चालणारा, टोकदार कानांचा स्पॉक ही तिची मुख्य पात्रे.

विज्ञानकथांच्या चाहत्यांचे एक जागतिक संमेलन भरते. त्याचे सभासद मते देऊन 'ह्यूगो' पुरस्कार ठरवतात. १९६८ साली नाट्यकृतींच्या गटात अंतिम फेरीला पाच कृती होत्या, आणि त्या पाचही 'स्टार ट्रेक'चेच भाग होत्या! पुरस्कार मिळाला 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' या भागाला. आजही बहुसंख्य चाहते याच भागाला पहिला क्रमांक देतात. उलट सर्वांत वाईट भाग कोणता असे विचारले, की हमखास नाव निघते 'स्पॉक्स ब्रेन' म्हणजे 'स्पॉकचा मेंदू' याचे.

हा निकाल आपण तपासून पाहू या.

तीन फूटपट्ट्या

एकाच वस्तूची लांबी, वजन आणि तापमान ही तीन वेगळी मापे असतात. त्यांची बेरीज करून वस्तू 'किती चांगली' हे कोणी सांगत नाही. गोष्टीच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. म्हणून आपण तीन फूटपट्ट्या वेगवेगळ्या ठेवू.

पहिली : गोष्ट ज्ञात विज्ञानाच्या विरुद्ध जाते का?
दुसरी : गोष्टीने जे गृहीत धरले आहे, ते ती शेवटपर्यंत पाळते का?
तिसरी : त्या गृहीताचा माणसांवर होणारा परिणाम ती प्रामाणिकपणे दाखवते का?

पहिल्या पट्टीवर सगळीच मालिका थोडीफार नापास होते, हे आधीच सांगितलेले बरे. प्रकाशाहून अधिक वेगाने धावणारे यान आपल्याला ठाऊक असलेल्या पदार्थविज्ञानात बसत नाही. पण ते मान्य केल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. भूमितीत जसे आपण 'समजा' म्हणतो, तसेच हे. खरी परीक्षा 'समजा'नंतर सुरू होते.

गणित जमलेला भाग

'द ट्रबल विथ ट्रिबल्स' हा भाग २९ डिसेंबर १९६७ चा. ट्रिबल म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखा एक गोंडस प्राणी. तो खातो आणि पिलांना जन्म देतो, दुसरे काही करीत नाही. ट्रिबल धान्याच्या कोठारात शिरतात. तेथे ते किती असतील याचा हिशेब स्पॉक तोंडी सांगतो : १७,७१,५६१. त्याचे गृहीत असे, की आरंभी एक ट्रिबल, प्रत्येकाला दर १२ तासांनी सरासरी १० पिले, आणि एकूण काळ तीन दिवस.

कागद घ्या आणि पडताळा पाहा. दर १२ तासांनी एकाचे अकरा होतात, कारण दहा पिले अधिक तो स्वतः. तीन दिवसांत अशा सहा पिढ्या होतात. म्हणजे १, ११, १२१, १३३१, १४६४१, १,६१,०५१ आणि शेवटी १७,७१,५६१. अकराचा सहावा घात! लेखकाने कसला तरी मोठा आकडा ठोकून दिलेला नाही.

आता एक पाऊल पुढे टाकू. एका ट्रिबलचे वजन १०० ग्रॅम धरले, तर एवढ्या ट्रिबलांचे वजन सुमारे १७७ टन भरेल. हे वस्तुमान आले कोठून? शून्यातून वस्तुमान निर्माण होत नाही. गोष्टीत त्याचे उत्तर आहे : कोठार रिकामे झालेले असते! वाढ अशीच आणखी तीन दिवस चालली असती, तर संख्या अकराच्या बाराव्या घाताएवढी, म्हणजे सुमारे ३ लाख १४ हजार कोटी झाली असती आणि वजन ३१ कोटी टनांवर गेले असते. भारतात अलीकडे वर्षभरात पिकणारे सगळे अन्नधान्य साधारण याच घरातले आहे. म्हणजे भूमिती श्रेणीने होणारी वाढ फार काळ टिकूच शकत नाही. खाद्य संपते आणि ती थांबते. हा विनोदी भाग दुसऱ्या पट्टीवर उत्तम उतरतो.

गणित फसलेला भाग

'विंक ऑफ ॲन आय' (२९ नोव्हेंबर १९६८) या भागात एका ग्रहावरील माणसांचे जीवन प्रचंड वेगाने चालते. ती इतकी चपळ, की यानावरील लोकांना दिसत नाहीत. फक्त डासासारखी गुणगुण ऐकू येते. पुढे कर्कही त्यांच्यासारखा वेगवान होतो, तेव्हा त्याला आपले सहकारी पुतळ्यासारखे स्तब्ध दिसतात.

ही माणसे आपल्यापेक्षा किती पट वेगवान असावीत? हे आपण त्या भागातील पुराव्यांवरूनच काढू.

पहिला पुरावा गुणगुणीचा. बोलताना पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या सेकंदाला १५० च्या आसपास असते, तर डासाच्या पंखांची ५०० ते ६०० च्या. म्हणजे वेग फार तर चौपट झाला. पण ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस चौपट वेगाने ताशी २० किलोमीटर जाईल, एखाद्या सायकलस्वारासारखा. तो दिसणार नाही असे कसे होईल?

दुसरा पुरावा पुतळ्यांचा. डोळ्याची उघडझाप साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात होते. सहकारी स्तब्ध वाटायचे, तर कर्कला ही उघडझाप काही मिनिटे चाललेली दिसली पाहिजे. त्यासाठी वेग हजारपट तरी हवा. मग त्या माणसांच्या आवाजाची कंपनसंख्या होईल दीड लाख. आपल्या कानांची मर्यादा आहे वीस हजार. म्हणजे गुणगुण ऐकूच येणार नाही. शिवाय ताशी ५ किलोमीटर चालणारा आता ताशी ५,००० किलोमीटर जाईल, म्हणजे हवेतील ध्वनीच्या चौपट वेगाने. तो खोलीतून गेला, की ध्वनिवेग ओलांडणाऱ्या विमानासारखा गडगडाट व्हायला हवा! आणि त्याच्या एका 'सेकंदात' त्याच्या डोळ्यांत नेहमीच्या हजारांश प्रकाश शिरेल. उजळलेली खोलीही त्याला अंधारी वाटेल.

दोष कोठे आहे ते नीट लक्षात घ्या. माणूस वेगवान होतो हे गृहीत आपण मान्य केले होते. पण गुणगुणीला चार हा गुणक लागतो आणि पुतळ्यांना हजार. एकाच गोष्टीत दोन्ही खरे असू शकत नाहीत. प्रयोगाच्या वहीत एकाच राशीच्या दोन किमती आल्या, तर शिक्षक तांबड्या शाईने जी खूण करतात, ती येथे करायला हवी.

चुकीचे विज्ञान, चांगली गोष्ट

आता उलटे उदाहरण. १५ डिसेंबर १९६६ चा 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग चाहत्यांच्या पसंतीत फार वर आहे. त्यात दोन अंतराळयाने एकमेकांना चुकवत लपाछपी खेळतात. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून यानावर शांतता पाळली जाते. पाणबुडीत हे बरोबर आहे, कारण पाण्यातून ध्वनी उत्तम जातो. पण अंतराळ निर्वात आहे. तेथे ओरडले काय आणि कुजबुजले काय, पलीकडच्या यानाला काहीच ऐकू जाणार नाही. यानाला खरे उघडे पाडील ती त्याची उष्णता. माणसे राहू शकतील एवढे ऊबदार यान अवरक्त किरण बाहेर टाकतच राहणार.

मग हा भाग आवडतो का? शत्रूचे लोक स्पॉकसारखेच दिसतात हे कळताच यानावरील एक अधिकारी स्पॉकवरच संशय घेऊ लागतो. चेहऱ्यावरून माणसाची निष्ठा ठरवावी का, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. पहिल्या पट्टीवर उणे, तिसऱ्या पट्टीवर भरघोस. कोणती पट्टी लावली ते न सांगता दोघे जण या भागावर वाद घालू लागले, तर दोघेही बरोबर ठरतील आणि वाद कधीच संपणार नाही.

सर्वांत उत्तम आणि सर्वांत वाईट

आता मूळ जोडीकडे वळू.

'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' हा भाग ६ एप्रिल १९६७ रोजी प्रथम दाखवला गेला. औषधाच्या चुकीच्या मात्रेने भ्रमिष्ट झालेला मॅकॉय एका कालद्वारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि इतिहास बदलतो. कर्क व स्पॉक त्याच्या मागे जातात. गरिबांना जेवू घालणारी ईडिथ कीलर ही तरुणी त्यांना आसरा देते आणि कर्क तिच्या प्रेमात पडतो. मग स्पॉकला कळते, की ईडिथ अपघातात मरायची होती. ती वाचली, तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी आधी अणुबॉम्ब बनवील. शेवटी मॅकॉय तिला मोटारीखालून ओढायला धावतो आणि कर्क त्याला धरून ठेवतो.

पहिल्या पट्टीवर हे कालद्वार सपशेल नापास आहे. दुसऱ्या पट्टीवर गुण मिश्र. स्पॉकला १९३० साली यंत्र जुळवायचे असते, तेव्हा ट्रांझिस्टर नव्हता (तो १९४७ चा), म्हणून तो रेडिओच्या निर्वात नळ्या वापरतो. हे चोख आहे. पण इतिहास बदलून यान नाहीसे झाले, तर कालद्वारापाशी उभे असलेले कर्क व त्याचे साथी कसे उरले? याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

'स्पॉकचा मेंदू' हा भाग २० सप्टेंबर १९६८ चा. एका ग्रहाच्या पोटात राहणारे लोक स्पॉकचा मेंदू चोरून नेतात, कारण त्यांची हवा, ऊब, पाणी सांभाळणारी यंत्रणा चालवायला त्यांना मेंदू लागतो. मेंदूविना शरीर २४ तास टिकवले जाते. शेवटी मॅकॉय मेंदू पुन्हा जागेवर बसवतो.

येथे चाहते हसतात. माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो, पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी वीस टक्के एकटा वापरतो. त्याचा रक्तपुरवठा थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत कायमची इजा होते. मात्र मेंदूने यंत्र चालवणे ही कल्पना हास्यास्पद नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हातपाय लुळे पडलेल्या एका अमेरिकन महिलेने मेंदूत बसवलेल्या विद्युतग्रांच्या साह्याने यांत्रिक हात हलवून स्वतः कॉफी प्यायली. म्हणजे पहिल्या पट्टीवर कालद्वारापेक्षा हा भाग काही अधिक वाईट नाही!

मग फरक कशात आहे? दोन्ही गोष्टींचा गाभा शेजारी शेजारी ठेवा. पहिलीत एका स्त्रीचा जीव एका पारड्यात आणि असंख्यांचे भवितव्य दुसऱ्यात. दुसरीत एका स्पॉकचा जीव एका पारड्यात आणि त्याच्या मेंदूवर जगणारी एक अख्खी वस्ती दुसऱ्यात. प्रश्न एकच आहे! पहिला भाग त्या प्रश्नाला सामोरा जातो; कर्क किंमत मोजतो आणि ती आपल्याला दिसते. दुसरा भाग प्रश्न उभा करतो आणि बगल देतो. मेंदू परत घेतला जातो, त्या लोकांनी आता वर येऊन राहावे असे उडत उडत सांगितले जाते आणि भाग थट्टेवर संपतो.

चाहत्यांच्या कौलात तथ्य आहे, पण त्याचे कारण 'विज्ञान चुकले' हे नाही. 'समजा' म्हटल्यानंतर येणारे परिणाम, ते नकोसे असले तरी, शेवटपर्यंत पाहण्याचे धैर्य एकीत आहे, दुसरीत नाही. विज्ञानातील सिद्धांताचीही परीक्षा अशीच होते. गृहीत मांडायला कोणीही मोकळा आहे. त्यातून निघणारे निष्कर्ष टाळायला मात्र कोणीच मोकळा नाही.

वर्गात करून पाहा

१. सर्वांनी वाचलेली एखादी विज्ञानकथा निवडा. जयंत नारळीकरांची एखादी कथाही चालेल. चर्चेच्या आधीच प्रत्येकाने तिन्ही पट्ट्यांवर दहापैकी वेगवेगळे गुण कागदावर लिहावेत. आधी चर्चा केली, तर मोठ्या आवाजाचा विद्यार्थी सर्वांचे गुण ठरवील.

२. प्रत्येक पट्टीची सरासरी काढा, पण तेवढ्यावर थांबू नका. ९, ९, १, १ यांची सरासरी ५ येते आणि ५, ५, ५, ५ यांचीही ५ येते. पहिल्या गटात कडाक्याचा मतभेद आहे, दुसऱ्यात एकमत. सर्वांत मोठा व सर्वांत लहान गुण यांतील अंतरही नोंदवा. ते जेथे जास्त असेल, तेथेच चर्चा करण्यासारखी आहे.

३. ट्रिबलांना दर १२ तासांनी दहाऐवजी एकच पिलू झाले असते, तर तीन दिवसांत एकाचे किती झाले असते? आणि दहा लाखांचा आकडा ओलांडायला किती दिवस लागले असते?