एका रेघेची किंमत

प्रयोगाची ही सूचना वाचा : ‘द्रव तापवा हळूहळू ढवळा.’ यात हळूहळू काय करायचे, तापवायचे की ढवळायचे? ‘द्रव तापवा, हळूहळू ढवळा’ असे लिहिले तर ढवळणे सावकाश होईल. ‘द्रव तापवा हळूहळू, ढवळा’ असे लिहिले तर तापवणे सावकाश होईल. शब्द तेच, क्रमही तोच. फक्त स्वल्पविरामाची जागा बदलली आणि कृती बदलली. बोलताना आपण योग्य जागी थांबतो, म्हणून ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. लिहिताना ते काम विरामचिन्हांना करावे लागते.

गणितात हेच काम कंस करतात. (१२ ÷ २) × ३ याचे उत्तर १८ येते, तर १२ ÷ (२ × ३) याचे उत्तर २ येते. अंक आणि चिन्हे दोन्हीकडे तीच आहेत.

आता १,२३४ ही संख्या पाहा. आपण ती एक हजार दोनशे चौतीस अशी वाचतो. पण जर्मनी व फ्रान्स या देशांत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. तेथील विद्यार्थी ती एक पूर्णांक दोन-तीन-चार अशी वाचेल. फरक हजारपटीचा झाला! म्हणूनच वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ साली ठरवले, की बिंदू किंवा स्वल्पविराम फक्त दशांशासाठी वापरावा. मोठ्या संख्येतील अंकांचे गट पाडायचे असतील तर मध्ये मोकळी जागा सोडावी.

चिन्ह गळाले तर केवढे नुकसान होते, हे १९६२ साली दिसून आले. अमेरिकेचे ‘मरिनर-१’ हे यान २२ जुलै रोजी शुक्राकडे निघाले. त्याच्या मार्गदर्शनाच्या समीकरणात वेगाच्या एका चिन्हावर आडवी रेघ हवी होती. वेगातील बारीक चढउतार काढून टाकलेली, म्हणजे सरासरी केलेली किंमत घ्यावी, असा तिचा अर्थ. संगणकाच्या सूचना तयार होताना ही रेघ गळाली. उड्डाणात यानाकडून येणारे संदेश नीट मिळेनात. तेव्हा संगणकाने किरकोळ चढउतारही खरे मानले आणि नको त्या दुरुस्त्या पाठवल्या. रॉकेट मार्ग सोडून जाऊ लागले. शेवटी, उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या आतच, ते मुद्दाम नष्ट करावे लागले. पुढे ‘मरिनर-२’ हे यान १४ डिसेंबर १९६२ रोजी शुक्राजवळून यशस्वीपणे गेले.

संगणक लिहिणाऱ्याचा हेतू ओळखत नाही. लिहिलेले तेवढेच पाळतो. आपली प्रयोगवही वाचणाऱ्यालाही आपल्या मनातले दिसत नाही.

करून पाहा : एखाद्या प्रयोगाची कृती लिहा आणि तो प्रयोग न केलेल्या मित्राला वाचायला द्या. तुम्ही गप्प बसा. तो जेथे अडेल किंवा वेगळाच अर्थ लावेल, तेथे खूण करा. त्या जागी कोणते चिन्ह हवे होते, ते दोघांनी मिळून शोधा.